उचलण्यापुरतं बळ

कड्कन आवाज झाला तेव्हा सिद्धेशला वाटलं, आपल्या पाठीतलंच काहीतरी मोडलं. मोडलं होतं प्लास्टिकचं स्टूल. संडासाच्या दारात, ओल्या फरशीवर, अण्णा एका कुशीवर पडले होते आणि काखेत हात घालून त्यांना वर ओढायला गेलेला सिद्धेश त्यांच्यासकट पुन्हा खाली आला होता. सकाळचे सात वाजून गेले होते. अण्णांना सांभाळणाऱ्या विमलबाई चऱ्होलीहून निघाल्या होत्या, पण त्यांची बस वाटेत कुठेतरी अडकली होती. मिनल, त्याची बायको, त्यांच्या मुलीला, मैत्रीला, शाळेच्या गाडीत बसवायला खाली गेली होती. नेमक्या त्या वीस मिनिटांत अण्णांना जावं लागलं होतं, आणि वर्षभरापूर्वी लकव्याने डावी बाजू गेलेल्या आपल्या बापाला एकट्याने धरून नेण्याची वेळ सिद्धेशवर पहिल्यांदाच आली होती. त्याने पुन्हा हात घातला. अण्णांचा लेंगा सुटला होता आणि फरशीवर ते पसरत चाललं होतं. तोंडाने श्वास घेत, मान भिंतीकडे वळवून त्याने जोर लावला, हात घसरला, कशावरून घसरला हे कळलं तसा त्याला उमासा आला आणि त्याच क्षणी कमरेत, माकडहाडाच्या जरा वर, कुणीतरी आतून मूठ आवळली. तो खाली बसला. भिंतीला टेकला. बाप आणि मुलगा, दोघेही एकाच घाणीत. अण्णा छताकडे बघत होते. त्यांच्या उजव्या डोळ्यातून पाणी येत होतं, पण ते तसंही सारखं येतच असे.

समोरच्या फ्लॅटमधल्या रणजीतने दार उघडं बघून आत डोकावलं. रणजीतची सोसायटीजवळच, चिखलीत, फॅब्रिकेशनची शेड होती. पंचविशी उलटलेला, मान आणि दंड सारख्याच जाडीचे. "थांबा काका," म्हणत तो सरळ आत आला, चपला काढून. त्याने गुडघे वाकवले, अण्णांच्या पाठीखाली एक आणि मांड्यांखाली एक हात घातला आणि गॅसची टाकी उचलावी तसं त्यांना उचलून खुर्चीवर ठेवलं. मग बादली घेऊन त्यांना धुतलं, फरशी धुतली, आणि शेवटी हात पुसत सिद्धेशला म्हणाला, "भाऊ, तुमची पाठ गेली का? राव, जरा हलत जा. दिवसभर एसीत बसून बसून गंजलात." तो हसला. त्यात वाईट काहीच नव्हतं. सिद्धेशला मात्र ते हसू दोन दिवस तोंडात धातूच्या चवीसारखं राहिलं. ज्याच्याशी आपण लिफ्टमध्ये पावसापाण्यापलीकडे बोललो नाही त्या पोराने आपल्या बापाची घाण धुतली, आणि त्याला उमासा आला नाही.

डॉक्टर म्हणाले, मणका ठीक आहे, स्नायू मेले आहेत. पाठ, पोट, मांड्या, कशातच काही नाही. चार दिवस झोपून काढल्यावर पाचव्या दिवशी संध्याकाळी मिनल स्वयंपाकघरात भाजी चिरता चिरता म्हणाली, "चऱ्होलीला आजारी म्हाताऱ्यांना ठेवून घेणारं एक केंद्र आहे. विमलबाईंच्याच गावात. चोवीस तास माणसं असतात. मी जाऊन बघून आले." चिरलेली भाजी बाजूला सारत ती पुढे म्हणाली, "मला किळस येत नाही, सिद्धेश. लॅबमध्ये दिवसभर लोकांच्या लघवी-शौचाच्या डब्या हाताळते मी. पण माझ्याच्याने अण्णा उचलत नाहीत. तुला तर दोन्हींचा प्रश्न आहे." तिने ते भांडणासाठी म्हटलं नव्हतं, ती रिपोर्ट वाचून दाखवावा तशी बोलली. म्हणूनच ते लागलं. "थोडे महिने दे," तो म्हणाला. "मी व्यायाम करतो. योगा. घरीच. अण्णा माझ्याने उचलत नाहीत एवढाच प्रश्न आहे ना? उचलेन." हे तो जरा मोठ्याने बोलला. स्वयंपाकघर आणि हॉल यांच्यामध्ये अर्धी भिंत होती, आणि भिंतीपलीकडे तीन पावलांवर अण्णांची कॉट.

पहिल्या दिवशीच त्याला कळलं की आपलं शरीर आपण कधी जवळून पाहिलेलंच नाही. जागा फक्त हॉलमध्ये होती, कॉट आणि सोफा यांच्यामध्ये. आणलेली नवी मॅट त्याने दुसऱ्याच दिवशी गुंडाळून ठेवली, कारण तिला कंपनीचा वास येत होता. चाकणला ज्या कंपनीत तो क्वालिटीत होता तिथे गाड्यांची रबरी सील बनत. तापलेल्या रबराचा तो वास त्याच्या शर्टाला, डब्याला, कंपनीच्या बसमधल्या सीटला होताच, आता घरी नाक टेकवायच्या जागेलाही तोच. त्याने सतरंजी अंथरली. पहाटे सव्वापाचला तो मोबाईल सोफ्याला टेकवून उभा करी. पडद्यावर तळ्याकाठी एक हसरी बाई असे, पांढऱ्या कपड्यातली, आणि ती म्हणे, "आता आपल्या शरीराचे आभार माना." कसले आभार? तो खाली वाकला की बोटं नडगीच्या मध्यावर अडत. अधोमुख श्वानासनात, म्हणजे हातपाय टेकून कंबर आकाशाकडे उचलल्यावर, त्याचं पोट बनियनमधून सुटून छातीवर येई, आणि त्याच्या मागून स्वतःचाच शिळा श्वास नाकावर परत येई. त्या उलट्या अवस्थेत त्याला सोफ्याखालचं दिसे: केसांचे गुंतवळे, अण्णांची निसटलेली गोळी, वाळलेली द्राक्षं. घामाचा थेंब नाकाच्या शेंड्यावरून सतरंजीवर पडे आणि तिथे गोल डाग उमटे. त्याला त्या डागाचीही शिसारी येई. आतून बाहेर येणारं सगळंच घाण, मग ते कुणाचंही असो. तिसऱ्या आठवड्यात त्याने त्या बाईचा आवाज बंद केला आणि नुसतं बघून करू लागला.

अण्णा जागे असत. उशीवर मान वळवून ते बघत. त्यांचं ते बघणं सिद्धेशला पाठीवर माशी बसल्यासारखं वाटे. एके काळी हीच नजर विहाराशेजारच्या मैदानावर पोरांच्या रांगेवरून फिरायची. रविवारी सकाळी अण्णा तिथे पोरांना काठी चालवायला शिकवत, आणि दोन्ही दंडांना एकेक पोरगं लोंबकळवून मैदानाला चक्कर मारत. सिद्धेश कधी लोंबकळला नाही. "माझा मेणाचा आहे," अण्णा इतरांना सांगत. ते पिंपरीतल्या एका फाउंड्रीत होते; एकतीस वर्षं त्यांनी वाळूच्या साच्यांच्या लोखंडी पेट्या उचलल्या. चिंचवडच्या चाळीत ते शिफ्टवरून येत तेव्हा मोरीतलं पाणी काळं होऊन वाहायचं. आई, सरूबाई, तांब्याने पाणी ओतायची आणि पाठीवर वजरीचा दगड घासायचं काम सिद्धेशचं. पाठ कसली, भिंतच. तिच्या भेगांतून काळं निघतच राहायचं. मग ते मोरीत खाकरून थुंकायचे आणि तेही काळंच असायचं. सहा-सात वर्षांचा सिद्धेश श्वास रोखून घासायचा, तोंड दाराकडे करून. "नीट घास की, नजर कुठं हाय तुझी?" अण्णा म्हणायचे. म्हणजे ही किळस काही नवी नव्हती, आजारपणाची नव्हती. ती अण्णा धडधाकट होते तेव्हापासूनची होती, आणि तिला लपवण्यासाठी त्याने आयुष्यभर कितीतरी गोष्टी केल्या होत्या: डिप्लोमा, पांढरा शर्ट, जिथे हात काळे होत नाहीत ती खुर्ची.

सूर्यनमस्कार सुरू केले त्या दिवशी अण्णा बोलले. त्यांची जीभ जड झाली होती. एकेक शब्द ओढून बाहेर काढावा लागे. "सूर्याला... नमस्कार?" त्यांनी विचारलं. भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो होता, त्याखाली बुद्धमूर्ती. सिद्धेश अर्धा वाकलेला होता. "नाही अण्णा. मंत्रबिंत्र काही नाही. नुसता पाठीचा व्यायाम आहे." अण्णांनी बराच वेळ विचार केला. "मग... नाव बदल." सिद्धेशला कित्येक दिवसांनी हसू आलं, आणि पुढे घरात सगळेच त्याला 'बारा नंबर' म्हणू लागले, कारण त्यात बारा हालचाली होत्या. "बारा नंबर झाला का?" मैत्री विचारायची. पण त्या हसण्यानंतर तो कॉटजवळ थांबला नाही. रात्री ओलं झालेलं बदलायचं होतं. एव्हाना ते काम तो करू लागला होता, त्याच्या पद्धतीने: मान डावीकडे खिडकीकडे वळवलेली, श्वास रोखलेला, हात जणू दुसऱ्याचेच. चाळीस सेकंदांत व्हायचं. अण्णांना कुशीवर वळवायचं, ओढायचं, सरकवायचं, झाकायचं. झाल्यावर तो तीनदा हात धुई.

दुसऱ्या महिन्यात बोटं घोट्यापर्यंत पोचली. तिसऱ्यात जमिनीला टेकली. उत्कटासनात, म्हणजे नसलेल्या खुर्चीवर बसल्यासारखं गुडघ्यांत वाकून, तो आधी दहा आकडे मोजेपर्यंत टिकायचा आणि मांड्या तारेसारख्या थरथरायच्या. आता साठ मोजून होत. हात आणि पायांच्या चवड्यांवर फळीसारखं ताठ राहता येऊ लागलं. कंपनीच्या बसमध्ये मोशीच्या पुढे गाडी तासतासभर हलत नसे, पण पूर्वीसारखी कंबर भरून येईना. एका रविवारी तो वजनकाटा घेऊन आला आणि दर रविवारी त्यावर उभा राहू लागला: अठ्ठ्याहत्तर, शहात्तर, चौऱ्याहत्तर. बाथरूमच्या आरशात, दार लावून, तो बाजूने उभा राहून स्वतःकडे बघे. पोट आत गेलं होतं. खांद्याला एक रेघ आली होती. त्याला हे बघणं आवडू लागलं होतं आणि आवडतंय हे लक्षात येताच तोंडात पाणी सुटल्यासारखं, ओकारीच्या आधी सुटतं तसं, काहीतरी व्हायचं. बेचाळिसाव्या वर्षी बाथरूममध्ये दंड फुगवणारा माणूस. बाहेर कॉटवर बाप, आणि आत हा. पण दुसऱ्या दिवशी तो पुन्हा बघे.

आणि पाचव्या महिन्यात एका सकाळी त्याने अण्णांना उचललं. विमलबाई यायच्या होत्या, मिनल चहा करत होती. त्याने रणजीतसारखे गुडघे वाकवले, एक हात पाठीखाली, एक मांड्यांखाली, मान खिडकीकडे, आणि श्वास सोडत वर आला. अण्णा आले. सहज आले. त्याला स्वतःलाच धक्का बसला, इतके सहज. तो त्यांना घेऊन खुर्चीपर्यंत सात पावलं चालला आणि कमरेतून कुणी मूठ आवळली नाही. मिनल कपबशी घेऊन दारात थांबली होती. "अरे वा," ती म्हणाली आणि तिच्या डोळ्यांत पाणी आलं. त्या दिवशी कंपनीत त्याने शेजारच्या टेबलावरच्याला सांगितलं, मग कॅन्टीनमध्ये आणखी दोघांना. त्यांनी त्याचा दंड दाबून पाहिला. "भावा, काय खातोस?" एकाने विचारलं. सिद्धेश हसला. पुढचे पंधरा दिवस तो रोज उचलत राहिला आणि रोज ते आणखी सोपं होत गेलं. पूर्वी जे काम विमलबाई आल्याशिवाय व्हायचं नाही ते आता तो सहाच्या आत उरकू लागला. चऱ्होलीचं नाव मिनलने पुन्हा काढलं नाही.

त्यानंतरच्या रविवारी विमलबाईंनी त्याला गॅलरीत गाठलं. पन्नाशीची, काटकुळी बाई. नवरा गेल्यापासून म्हाताऱ्या माणसांची कामं करून तिने दोन मुली उजवल्या होत्या. ती घरातल्या कुणाशी फार बोलत नसे, म्हणून ती पदराचं टोक बोटाला गुंडाळत समोर येऊन उभी राहिली तेव्हा त्याला वाटलं, सुट्टी हवी असेल. "दादा," ती म्हणाली, "एक बोलायचं व्हतं. अण्णांनी शपथ घातलीया, पर आता मला न्हाई ऱ्हावत. अण्णा जेवत न्हाईत." सिद्धेश म्हणाला, "जेवतात की. मी रोज रात्री ताट ठेवतो, रिकामं असतं." "ताट रिकामं आसतं व्हय. सकाळी उशाखालचा पंचा मी धुते न्हवं. सगळं त्यात आसतंय. दुपारी माझ्या हातनं दोन घास घेत्यात आन् दात धरून बसत्यात. ताईंला म्या सांगितलं व्हतं मागं, त्या म्हणल्या वयामुळं भूक कमी हुती. पर ही वयाची न्हाई दादा. आमी लई म्हातारी मान्सं बघितलीत. हे मुद्दाम हाय." "मुद्दाम कशाला?" विमलबाईंनी त्याच्याकडे बघितलं नाही. खालच्या रस्त्यावरून सिमेंटचा मिक्सर फिरत फिरत चालला होता, त्याच्याकडे बघत ती म्हणाली, "मला म्हणलं, पोराच्यानं उचलत न्हाई. जरा हलकं झालं पायजे."

त्याला पहिल्यांदा राग आला तो विमलबाईंचा. मग तो हॉलमध्ये गेला आणि कॉटसमोर उभा राहिला. दुपारचं ऊन कॉटवर आलं होतं. त्याने चादर बाजूला केली, सदरा वर केला, आणि पाच महिन्यांत पहिल्यांदा, कदाचित वर्षात पहिल्यांदा, बापाकडे पाहिलं. बरगड्या पत्र्याच्या शेडसारख्या उठून आल्या होत्या. पोटाची कातडी रिकाम्या पिशवीसारखी कण्याकडे लोंबत होती. ज्या दंडांना पोरं लोंबकळायची त्यांच्याभोवती त्याचा अंगठा आणि मधलं बोट मिळालं असतं. हे सगळं रोज त्याच्या हातांतून गेलं होतं. रोज सकाळी, रोज रात्री, या बरगड्यांखाली त्याने हात घातला होता आणि मान खिडकीकडे ठेवली होती. त्याने वजनकाटा आणला. काही न बोलता अण्णांना उचललं आणि काट्यावर उभा राहिला. आकडा त्याला दिसेना. मध्ये अण्णा होते. "बाई, बघा," तो म्हणाला. विमलबाई खाली वाकल्या, अडखळत वाचत म्हणाल्या, "एकशे चौदा... टिंब दोन." सकाळीच त्याने स्वतःचं वजन बघितलं होतं: एकाहत्तर, टिंब चार. म्हणजे अण्णा बेचाळीस किलो आठशे. दवाखान्यातून घरी आणलं तेव्हा कागदावर अठ्ठावन्न लिहिलेलं त्याला आठवत होतं. बाकीचे पंधरा किलो तो स्वतःची ताकद समजत होता.

त्याने अण्णांना कॉटवर ठेवलं आणि बेसिनकडे गेला. त्याला ओकायचं होतं, पण काही आलं नाही. आरशात तोच खांदा, तीच रेघ. कॅन्टीनमध्ये दंड दाबणारी माणसं आठवली, आपण हसलो ते आठवलं, मिनलच्या डोळ्यांतलं पाणी आठवलं. आजवर त्याला घामाची किळस आली होती, थुंकीची, विष्ठेची, उघड्या म्हाताऱ्या मांड्यांची. सगळ्या धुता येण्यासारख्या गोष्टी. या किळसेला साबण नव्हता. बाप रोज रात्री आपल्या तोंडातला घास पंचात काढून ठेवत होता आणि पहाटे मान वळवून बघत होता, पोराला जमतंय का. आणि पोराला जमत होतं. तो परत आला तेव्हा मिनल बाजारातून आली होती आणि विमलबाईंनी तिला सांगितलं होतं. पिशवी अजून तिच्या हातातच होती. ती कॉटच्या कडेला बसली. "अण्णा, मी बोलले होते," ती म्हणाली. "चऱ्होलीचं. तुमच्याशी बोलायला हवं होतं. तुम्ही ऐकताय हे मला कळायला हवं होतं. आणि विमलबाईंनी सांगितलं तेव्हा मी बघायला हवं होतं. माझं चुकलं." अण्णांनी उजवा हात हलवला, असू दे म्हटल्यासारखा.

सिद्धेश ताट घेऊन आला. मऊ भात, वरण, उकडलेलं अंडं कुस्करून. "का केलंत हे?" त्याने विचारलं. आवाज त्याला वाटला होता त्याहून मोठा निघाला. अण्णा म्हणाले, "सोपं." "कुणाला सोपं?" "तुला." अण्णांनी पुन्हा जीभ गोळा केली. "इथं... मैत्री हाय. तिथं... काय?" "कुणी कुठे जात नाही. पण तुम्ही खा. मी पाच महिने घाम गाळला तो बेचाळीस किलोसाठी नाही गाळला. अठ्ठावन्न व्हा. साठ व्हा. मग बघा उचलतो की नाही." त्याने घास पुढे केला. अण्णांनी दात घट्ट मिटले. ही त्यांची जुनी सवय होती. संपाच्या वेळी सगळे कामावर गेले तरी हा माणूस सतरा दिवस गेटवर बसला होता असं आई सांगायची. "काय पाहिजे तुम्हाला?" सिद्धेशने विचारलं. अण्णा म्हणाले, "आधी... उचल."

त्याने ताट मिनलकडे दिलं. गुडघे वाकवले, हात घातले, मान वळवली आणि उचललं. "चुकलं," अण्णा म्हणाले. सिद्धेशला कळेना. इतके दिवस तो उचलत होता आणि इतके दिवस हा माणूस काही बोलला नव्हता. "काय चुकलं?" "ठिव." त्याने ठेवलं. अण्णा बोलू लागले आणि बोलता बोलता त्यांची जीभ मोकळी होत गेली, का आपले कान तिच्याजवळ गेले हे सिद्धेशला कळलं नाही. "तोंड फिरवून... उचलतोस तू. तोंड फिरलं की... पाठ फिरती. आज हलका हाय, म्हणून... चालतंय. वजन आलं की... मोडशील. पेटी... छातीला लावायची. बघून उचलायची. एकतीस वर्षं... माझी पाठ गेली का?" "नाही." "मग?"

सिद्धेश वाकला. या वेळी त्याने मान वळवली नाही. अण्णांचा चेहरा वीतभर अंतरावर आला: डाव्या बाजूला ओघळलेला ओठ, त्याच्या कोपऱ्यातली लाळ, नाकातले पांढरे केस, रोज पाणी गळून लाल झालेली पापणीची कड, रिकाम्या पोटाचा तो आंबट वास. किळस आली. ती आहे तशीच, तेवढीच आली. महिनोन्‌महिन्यांच्या व्यायामाने तिच्यातलं काही कमी झालं नव्हतं. त्याने तिच्या जाण्याची वाट बघितली नाही. त्याने अण्णांना छातीशी घेतलं आणि वर आला. लाळ त्याच्या मानेला लागली, कोमट. अण्णांचा चांगला हात त्याच्या मानेमागे येऊन बसला आणि त्याने खांदा चाचपून बघितला, गिऱ्हाईक बैलाचा बघतं तसा. "परत," अण्णा म्हणाले. त्याने ठेवलं आणि पुन्हा उचललं. "परत. गुडघा... अजून." दाराशी मैत्री येऊन उभी राहिली होती, विमलबाईंनी तोंडाला पदर लावला होता. "परत." तिसऱ्या वेळी सिद्धेशच्या मांड्या थरथरू लागल्या आणि कपाळावरचा घाम डोळ्यांत उतरला, तरी त्याने नजर काढली नाही. चौथ्या वेळी अण्णा काही बोलले नाहीत. सिद्धेशने त्यांना खुर्चीवर बसवलं आणि मिनलच्या हातातून ताट घेतलं. अण्णांनी ताटाकडे बघितलं, मग त्याच्याकडे, आणि तोंड उघडलं: झिजलेले दात, पांढरा थर चढलेली जीभ, आत अंधार. सिद्धेशने बघत घास घातला.